रुमाल टाकलेली नॅशनल पार्क्स

थोडं मोठं लिहितोय, चहा घेऊन बसा. काहींना राग येईल. ज्यांना येईल त्यातले निम्मे माझ्या अगदी जवळचे आहेत आणि शनिवारी त्यांच्याच घरी जेवायला जायचंय, तरी लिहितोय.

गेल्या आठवड्यात आमच्या सहा कुटुंबांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक एक्सेल शीट आली. जूनमधली आरव्ही ट्रिप. तीन भाड्याच्या मोटरहोम, अकरा दिवस, दहा रात्री. फ्रीमाँटहून निघायचं, डेथ व्हॅली, झायन, ब्राइस, आर्चेस, मग वर ग्रँड टीटन, यलोस्टोन आणि तिथून सरळ घरी. शीट करणारा आपला मित्र हुशार आहे, कामही प्रोजेक्ट मॅनेजमेंटचंच करतो, त्यामुळे शीट बघत राहावी अशी. कोणत्या दिवशी किती मैल, पेट्रोल कुठे भरायचं, मिसळ कोणत्या रात्री, पावभाजी कोणत्या रात्री, सगळं.

आणि शेवटी तीन रंगीत रकाने. हिरवा प्लॅन ए, पिवळा प्लॅन बी, केशरी प्लॅन सी. म्हणजे प्रत्येक रात्रीसाठी प्रत्येक मोटरहोमची तीन वेगवेगळ्या कॅम्पग्राउंडमध्ये साइट बुक करून ठेवायची. 'ऐन वेळी ठरवू कुठे थांबायचं.' कोणी कोणत्या तारखेला सकाळी सातला लॅपटॉप उघडून बसायचं याची ड्यूटीही लावलेली. शीट आता फिरली, पण ड्यूट्या डिसेंबरपासूनच चालू होत्या.

मी गणित केलं. तीन मोटरहोम, दहा रात्री, तीन प्लॅन. एकूण ९० साइट-रात्री. आपण झोपणार ३० मध्ये. उरलेल्या ६० रात्री त्या जागेवर कोणीच नसणार. एक लाकडी टेबल, एक लोखंडी शेगडी आणि खांबाला आपल्या नावाची चिठ्ठी.

याला मराठीत फार जुना शब्द आहे. रुमाल टाकणं.

ज्यांचं बालपण एसटी स्टँडवर गेलंय त्यांना समजावून सांगायची गरज नाही. गाडी फलाटाला लागायच्या आधीच खिडकीतून रुमाल, टोपी, पिशवी, कधी कधी लहान पोरगंसुद्धा आत जायचं. दारातून रीतसर चढणारी म्हातारी बाई पाच मिनिटांनी आत यायची आणि रिकाम्या दिसणाऱ्या सीटवर बसायला गेली की कोणीतरी ओरडायचं, 'ओ मावशी, जागा धरलीय.' माझे वडील सांगली डेपोत कंडक्टर होते. त्यांचा एक नियम होता, गाडी सुटायची घंटी दिली की रुमालाला सीट नाही. माणूस असेल तर बसेल, रुमाल पडेल खाली. त्यावरून त्यांची भांडणं व्हायची, एकदा कॉलरही धरली गेली, पण नियम त्यांनी सोडला नाही.

आपण इथे येऊन फक्त रुमाल बदललाय. आता तो रिक्रिएशन डॉट गव्हवर टाकतो.

'एवढं काय त्यात?' असं वाटत असेल तर आधी आरव्हीची अडचण समजून घ्या. जाहिरातीत मोटरहोम म्हणजे स्वातंत्र्य. वाटेल तिथे थांबा, वाटेल तिथे झोपा. प्रत्यक्षात नॅशनल पार्कमध्ये ३० फुटी गाडी घेऊन फिरणारा माणूस तंबूवाल्यापेक्षा कितीतरी जास्त बांधलेला असतो. पार्कच्या आत रस्त्याकडेला किंवा ट्रेलच्या पार्किंगमध्ये गाडी लावून रात्र काढता येत नाही, कॅम्पग्राउंडमध्येच जावं लागतं. कॅम्पग्राउंडमध्येही प्रत्येक साइटला लांबीची मर्यादा असते. २५ फुटांच्या साइटवर ३० फुटी गाडी शिरत नाही. जिथे शिरते तिथे वीज-पाण्याचं हूकअप असेलच असं नाही. योसेमिटीच्या आतल्या कॅम्पग्राउंडमध्ये तर हूकअप अजिबात नाहीत. यलोस्टोनच्या फिशिंग ब्रिजला हूकअप आहेत, पण तिथे अस्वलांमुळे तंबूला बंदी आणि मोटरहोमवाल्यांची झुंबड. आर्चेसच्या आत एकच कॅम्पग्राउंड, डेव्हिल्स गार्डन, आणि त्यात वैयक्तिक साइट फक्त ५१. त्यातल्या मोठ्या गाडीला चालणाऱ्या त्याहून कमी. अशा ठिकाणी आपण दोन रात्रींसाठी तीन साइट 'असू देत' म्हणून धरल्या, तर ते एवढंसं काही राहत नाही.

याच शीटची गंमत बघा. नव्वद साइट-रात्रींचा बंदोबस्त आहे, पण झायनहून ब्राइसला जाताना माउंट कार्मेलच्या बोगद्यातून जायचं असं लिहिलंय. तो बोगदा १९३० सालचा, एक मैलाहून थोडा जास्त लांब आणि अरुंद. आतापर्यंत मोठ्या गाड्यांसाठी समोरची वाहतूक थांबवून, जादा पैसे घेऊन, मधोमध सोडायचे. येत्या ७ जूनपासून ११ फूट ४ इंचांपेक्षा उंच, ७ फूट १० इंचांपेक्षा रुंद किंवा ३५ फूट ९ इंचांपेक्षा लांब गाडीला त्या रस्त्यावर प्रवेशच नाही. आपण घेतोय त्या गाडीची लांबी बसते, पण उंची बारा फुटांच्या आसपास आणि रुंदी आठ फुटांच्या वर. म्हणजे लांबचा वळसा. डेथ व्हॅलीत तर उन्हाळ्यात भाड्याची मोटरहोम न्यायला बहुतेक करारांतच मनाई असते, ते बारीक अक्षरात असतं म्हणून कोणी वाचलेलं नाही. (पुढच्या वर्षी ग्लेशियर करू म्हणणाऱ्यांसाठी आत्ताच सांगतो, 'गोइंग टू द सन' रस्त्याच्या डोंगराळ भागात २१ फुटांपेक्षा लांब गाडी चालत नाही.) थोडक्यात, जे वाचायला हवं होतं ते वाचलं नाही आणि जे धरायला नको होतं ते धरून ठेवलं.

आता माझं स्वतःचं सांगतो. त्याशिवाय हे लिहायचा मला अधिकार नाही.

२०२३ च्या जूनमध्ये आई-अण्णा आले होते. आम्ही आणि आणखी एक कुटुंब, एक मोटरहोम, यूटातली पार्क्स. मी त्या वेळी रुमालातला उस्ताद होतो. एका रात्रीसाठी दोन पार्कांमध्ये साइट घेतल्या होत्या, कारण मुलांना गाडीत किती वेळ बसवेल याचा अंदाज नव्हता. शेवटी पुढच्या पार्कात गेलो. मागची साइट कॅन्सल केली नाही. सिग्नल नव्हता हे एक कारण. खरं कारण म्हणजे एक रात्रीचं भाडं जाणार ते जाणारच होतं, कोण कटकट करत बसणार.

आम्ही पोचलो तिथे दारावर 'फुल'ची पाटी. आमचं बुकिंग होतं, आत गेलो, वरणभात झाला. अंधार पडता पडता अण्णा आणि मी एक फेरी मारायला निघालो. अण्णांना मोजायची सवय आहे, ३१ वर्षं सीटा मोजण्यात गेली त्यांची. आमच्या लूपमध्ये त्यांनी सात साइट रिकाम्या मोजल्या. प्रत्येकीच्या खांबावर नाव आणि तारखा.

'ही जागा रिकामी का?'

'बुक आहे अण्णा.'

'मग माणूस कुठाय?'

'येईल उशिरा.'

'साडेनऊ झाले,' ते म्हणाले. 'सातही जण उशिरा?'

तेवढ्यात एक जुनी पिकअप आली. मागे कॅम्पर बसवलेला, पुढे नवरा-बायको, मध्ये दोन पोरं पेंगलेली. त्या माणसाने खिडकीतून आम्हालाच विचारलं, जागा आहे का माहीत आहे का. मी म्हटलं, होस्टला विचारा. होस्ट म्हणजे उन्हाळ्यापुरती सेवा देणारी एक सत्तरीची बाई. तिने हात जोडल्यासारखं करून सांगितलं की या साइट उद्या चेक-आउटच्या वेळेपर्यंत राखीव आहेत, मला देता येत नाहीत. तो माणूस भांडला नाही. त्याने त्या रिकाम्या साइटींकडे एकदा बघितलं आणि गाडी वळवली. बाहेरचं गाव पाऊण तास लांब, त्या आठवड्यात तिथली सगळी मोटेल भरलेली, हे मला माहीत होतं, कारण प्लॅन डी म्हणून मी तीसुद्धा बघून ठेवली होती.

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'आपली तिकडची जागा सोडलीस ना रे?'

मी 'हो' म्हणालो. खोटं बोललो. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, बापाशी कॅम्पसाइटवरून खोटं बोललो.

ग्रुपवर मी हे सगळं लिहिलं नाही, फक्त 'बी आणि सी प्लॅन काढून टाकू या का' एवढंच विचारलं. त्यावर जी उत्तरं आली ती तुमच्याही मनात आली असणार, म्हणून त्यांच्याविषयी बोलतो.

पहिलं उत्तर: 'सिस्टिम अलाऊ करते ना?' करते. म्हणूनच तर सहा जणांच्या सहा खात्यांवरून बुकिंग करायचं ठरलं. एका खात्याने जे जमलं नसतं ते सहांनी जमवायचं. आणि ज्याला आपण 'ट्रिक' म्हणतो, म्हणजे विंडो उघडायच्या आधीच्या तारखेपासून लांबलचक बुकिंग करायचं आणि नंतर नको असलेल्या सुरुवातीच्या रात्री कापून टाकायच्या, ती तर नियमाच्या हेतूवर सरळ पाय देऊन केलेली गोष्ट आहे. तत्काळची तिकिटं काढून देणाऱ्या एजंटाला आपण शिव्या घालतो. गणपतीला कोकणात जाणाऱ्या गाड्यांचं बुकिंग मिनिटांत संपतं तेव्हा 'घोटाळा आहे' म्हणून पोस्ट टाकतो. एजंट निदान त्या तिकिटावर कोणाला तरी गाडीत बसवतो. आपण सीट रिकामी नेतो.

दुसरं उत्तर: 'सगळेच करतात, आपण नाही केलं तर आपल्यालाच मिळणार नाही.' याच्यात थोडं तथ्य आहे आणि म्हणून ते जास्त चिडवणारं आहे. सकाळी सात वाजता उघडलेल्या साइट सात वाजून दोन मिनिटांनी संपतात हे खरं. पण त्या का संपतात? कारण प्रत्येक जण एकाऐवजी तीन उचलतोय. मागणी खरंच प्रचंड आहे, २०२४ मध्ये नॅशनल पार्क्सना ३३ कोटींहून जास्त भेटी झाल्या, तो विक्रम आहे. पण त्या मागणीत आपली खोटी मागणी मिसळली की किती माणसं खरी आणि किती रुमाल हे कोणालाच कळत नाही.

तिसरं उत्तर आलं ते मला सगळ्यात जास्त लागलं. 'अरे, छत्तीस डॉलर बुडाले तर बुडाले, त्याचे पैसे आपण भरतोय ना!'

हेच तर दुखणं आहे. योसेमिटीत एका रात्रीच्या साइटचे ३६ डॉलर. वेळेत कॅन्सल केलं तर दंड १० डॉलर. सीझनमध्ये मोटरहोमच्या एका रात्रीच्या भाड्यालाच आपण दोनशे-अडीचशे मोजतोय, मैलांचे वेगळे, जनरेटरचे वेगळे. त्या हिशेबात ३६ डॉलर म्हणजे सुट्टे पैसे. ही किंमत कमी का ठेवलीय? तर पिकअपमधल्या त्या माणसालाही परवडावं म्हणून. सार्वजनिक जमीन आहे, सगळ्यांची आहे, म्हणून स्वस्त आहे. आणि ती स्वस्त आहे म्हणूनच आपण ती तीन-तीन धरून ठेवू शकतो. सवलत गरिबासाठी, फायदा उचलला आपण, आणि वर 'पैसे भरलेत' म्हणायचं.

हे माझ्या मनाचे खेळ नाहीत. मोंटाना विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२ मध्ये एक अभ्यास छापला. पाच नॅशनल पार्क कॅम्पग्राउंडमध्ये फोनच्या लोकेशनवरून लोक कुठल्या भागातून येतात ते पाहिलं. आधी बुक कराव्या लागणाऱ्या साइटवरचे लोक, 'जो आधी येईल त्याला' पद्धतीच्या साइटवरच्या लोकांपेक्षा सरासरीने जास्त उत्पन्नाच्या भागांतून आलेले निघाले. नवल नाही. सहा महिने आधी सुट्टी ठरवता येणारा, सकाळी सातला चांगलं इंटरनेट घेऊन बसू शकणारा माणूस कोण? मी. तुम्ही. फ्रेझ्नोला बदामाच्या बागेत काम करणारा नाही, शिफ्टचं वेळापत्रक दोन आठवडे आधी कळणारी नर्स नाही. योसेमिटी त्यांच्या घरापासून आपल्यापेक्षा जवळ आहे.

आणि ते जुने 'जो आधी येईल त्याला'चे पर्याय आटत चाललेत. ग्रँड टीटनमध्ये पूर्वी कॅम्पग्राउंड याच पद्धतीने चालायचे, पहाटे जाऊन रांगेत उभं राहायचं. २०२१ पासून सगळं रिझर्व्हेशनवर. मी जुन्या पद्धतीची आरती ओवाळत नाही. दोन लहान मुलं आणि गुडघे दुखणारी आई घेऊन सहाशे मैल गेल्यावर जागा मिळेलच याची खात्री नसणं हा काही आनंद नव्हे. रिझर्व्हेशन हवंच. पण रिझर्व्हेशनमध्ये रुमालाला जागा नको.

आता ग्रुपवर सगळ्यात जास्त बोंब कशावरून चाललीय सांगू? शंभर डॉलरवरून. जानेवारी २०२६ पासून अमेरिकेत न राहणाऱ्या, १६ वर्षांवरच्या पाहुण्याला झायन, ब्राइस, ग्रँड कॅन्यन, यलोस्टोन, योसेमिटी अशा ११ पार्कांत नेहमीच्या शुल्कावर माणशी १०० डॉलर जादा लावलेत. वर्षाचा पास इथल्या रहिवाशाला ८० ला, बाहेरच्याला २५० ला. आई-वडील येणार आहेत त्या घरांत यावरून रोज चर्चा. 'आमच्या म्हाताऱ्यांवर भेदभाव.' मलाही तो आकडा आवडलेला नाही, या जूनमध्ये आई-अण्णा पुन्हा येतायत. पण जरा आठवून बघा, ताजमहालला आपल्याला ५० रुपये आणि परदेशी पाहुण्याला ११०० रुपये. अजिंठ्याला आपल्याला ४० आणि त्यांना ६००. तिथे रांगेत उभे असताना आपल्यापैकी कोणी भेदभावाची पोस्ट टाकल्याचं मला स्मरत नाही. असो. मुद्दा एवढाच की आपल्या खिशाला लागलं की आपल्याला न्याय आठवतो, आणि दुसऱ्याच्या पोराला गाडीत अवघडून झोपावं लागलं की 'सिस्टिम अलाऊ करते.'

सरकारला सोडत नाहीये. त्यांचा वाटा मोठा आहे.

आज नियम काय आहे? तुम्ही आला नाहीत तर तुमची साइट दुसऱ्या दिवशीच्या चेक-आउटच्या वेळेपर्यंत राखून ठेवायची. त्यानंतर २० डॉलर आणि पहिल्या रात्रीचं भाडं कापायचं आणि उरलेल्या रात्री मोकळ्या करायच्या. म्हणजे पहिली रात्र नियमानेच वाया. आणि उरलेल्या रात्री मोकळ्या व्हायला कोणीतरी फिरून, बघून, नोंद करायला हवी. ती करणार कोण? २०२५ च्या फेब्रुवारीत पार्क सर्व्हिसमधल्या सुमारे हजार जणांना एका फटक्यात काढलं. नॅशनल पार्क्स कन्झर्व्हेशन असोसिएशनच्या हिशेबाने त्याच वर्षीच्या जुलैपर्यंत कायम कर्मचाऱ्यांपैकी जवळजवळ एक चतुर्थांश कमी झाले होते. जे उरलेत ते संडास साफ करतील, उन्हात कोसळलेल्याला उचलून आणतील की लूप डीमधल्या रिकाम्या साइटी मोजत फिरतील? शेवटी त्या सत्तरीच्या बाईवर येतं, आणि तिच्या हातात अधिकार नाही.

शिवाय ही वेबसाइट सरकारच्या नावावर असली तरी ती चालवते बूझ ॲलन हॅमिल्टन ही कंत्राटदार कंपनी, आणि तिला पैसे मिळतात ते व्यवहारामागे. करार तसाच आहे, यात बेकायदेशीर काही नाही. पण ज्या व्यवस्थेत बुकिंगच्या संख्येवर कमाई आहे, तिथे माणसांनी कमी आणि खरी बुकिंग करावीत म्हणून कोण जीव टाकणार?

मला जे हवंय ते काही रॉकेट सोडण्याइतकं अवघड नाही. रात्री आठपर्यंत हजेरी लागली नाही किंवा 'उशीर होतोय' असं कळवलं नाही, तर ती साइट त्या रात्रीपुरती दारात उभ्या असलेल्याला द्यायचा अधिकार होस्टला द्या. लवकर कॅन्सल करणाऱ्याला दंड शून्य ठेवा, आणि जसजशी तारीख जवळ येईल तसतसा तो वाढवत न्या. आज उलट आहे, महिनाभर आधी सोडणाऱ्या शहाण्यालाही १० डॉलर पडतात, म्हणून लोक 'बघू' म्हणत शेवटच्या आठवड्यापर्यंत बसतात. वारंवार न येणाऱ्याचं खातं एका सीझनसाठी बंद करा. आणि काही कॅम्पग्राउंडमध्ये थोड्या साइट दोन आठवडे आधीच उघडतात, तो वाटा सगळीकडे निदान तिसऱ्या हिश्श्यापर्यंत न्या, म्हणजे त्या नर्सलाही संधी राहील. मी हे आपल्या काँग्रेस प्रतिनिधीच्या ऑफिसला लिहून पाठवलंय. तुम्ही पाठवलंत तर बरं, कारण एका पत्राने तिथे काही हलत नाही.

पण तिथलं हलेपर्यंत आपली शीट आपल्याच हातात आहे ना?

आणि खरं सांगायचं तर ती शीट ट्रिप म्हणूनही वाईट आहे. अडीच हजार मैलांच्या वरचा रस्ता अकरा दिवसांत. आठ-दहा मैलांना एक गॅलन पिणारी गाडी, डोंगरात चाळीसच्या वर पळत नाही. म्हणजे रोज सरासरी पाच तास चाक हातात, त्यात पेट्रोल, जेवण आणि डम्प स्टेशनवर संडासाची टाकी रिकामी करायची रांग वेगळी. (ते काम कोणाकडे याचा रकाना शीटमध्ये नाही. मागच्या वेळी माझ्याकडे होतं.) प्लॅन बी आणि सी लागतातच का? कारण प्लॅन ए पाळता येणार नाही हे करणाऱ्यालाही माहीत आहे. दोन पार्क धरा, फार तर तीन. झायन आणि ब्राइस, प्रत्येकी तीन-चार रात्री, गाडी एकदा लावली की लावली, आत शटलने फिरा. मग बॅकअपची गरजच उरत नाही. वणव्याचा धूर आला, पोरगं आजारी पडलं तर? तर कॅन्सल करा, त्याच दिवशी, आणि बाहेरच्या बीएलएमच्या जमिनीवर थांबा. तिथे बऱ्याच भागात १४ दिवसांपर्यंत फुकट थांबता येतं. हूकअप नाही, पण आपण बरोबर सिंक, संडास आणि फ्रिज घेऊनच तर फिरतोय. ज्या पिकअपवाल्याकडे यातलं काही नव्हतं त्याने बाहेर झोपायचं आणि आपण आत साइट रिकामी ठेवायची, हा उलटा न्याय आहे.

'आपल्या लोकांना बदनाम करतोस' असंही कोणीतरी म्हणणार. रुमाल फक्त मराठी माणूसच टाकतो असं मी म्हणत नाही. त्या सात खांबांवरची नावं मी वाचली होती, सगळ्या जातीधर्मांची आणि देशांची होती. पण मी या पानावर मराठीत लिहितोय आणि ती शीटही मराठीतच आहे.

तर, २०२३ नंतर मी सुधारलो होतो म्हणावं, तर तेही नाही. या डिसेंबरमध्ये माझ्या ड्यूटीच्या दिवशी मी सातला लॅपटॉप उघडला आणि हिरव्याबरोबर पिवळ्या-केशरी मिळून चार साइट उचलल्या. हात आपोआप चालतो. गेल्या रविवारी अण्णांशी व्हिडिओ कॉल झाला, ट्रिपचं सांगितलं. त्यांनी पार्कांची नावं विचारली नाहीत, एवढंच विचारलं, 'या खेपेला किती ठिकाणी जागा धरलीस?'

काल रात्री जेवणं झाल्यावर बसलो आणि चारही सोडल्या. चाळीस डॉलर गेले. त्यातली झायनची एक, दोन रात्रींची, मी पान उघडं ठेवून बघत बसलो होतो. एकोणीस मिनिटांनी ती परत 'रिझर्व्ह्ड' दिसायला लागली.

शीटमधल्या केशरी आणि पिवळ्या रकान्यांतून माझं नाव काढा. शनिवारी येतोय, श्रीखंड माझ्याकडून.